दहा दिवसांचा जन्मसिद्ध हक्क : 'तगलीत' प्रवासाचा इतिहास

१/
डिसेंबर १९९९ मध्ये ज्यू तरुण-तरुणींचे पहिले गट एका नव्या योजनेखाली इस्रायलकडे रवाना झाले. प्रवास दहा दिवसांचा होता आणि विमानभाडे, निवास, मार्गदर्शक असा जवळपास सगळा खर्च इतरांनी उचललेला होता. इस्रायलमध्ये स्थायिक होण्याची अट नव्हती आणि धर्माचरणाची परीक्षाही नव्हती. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत आठ लाखांहून अधिक तरुणांनी हा प्रवास केला. अनोळखी तरुणांवर एवढा खर्च कोणी केला, कोणत्या भीतीपोटी केला आणि दहा दिवसांत खरोखर काय साध्य होते, याचा हा मागोवा.

२/
या योजनेला दोन नावे आहेत. हिब्रूत ती 'तगलीत', म्हणजे शोध. इंग्रजीत ती 'बर्थराइट', म्हणजे जन्मसिद्ध हक्क. मराठी वाचकाला या दुसऱ्या शब्दाने लोकमान्य टिळकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. ज्यू परंपरेत मात्र तो शब्द बायबलच्या उत्पत्तिग्रंथातील एका कथेकडे नेतो. भुकेलेला थोरला भाऊ एसाव मसुरीच्या कालवणासाठी आपला ज्येष्ठत्वाचा हक्क धाकट्या याकोबाला देऊन टाकतो. हक्काचे मोल न कळल्यामुळे तो सहज हातचा घालवणारा वारस, ही त्या कथेतली प्रतिमा विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील ज्यू नेतृत्वाला अस्वस्थ करत होती.

३/
प्रवासातून शिकण्याची कल्पना ज्यू समाजाला नवी नव्हती. पेसाह, शावुओत आणि सुक्कोत हे तीन सण 'शालोश रेगालीम' म्हणून ओळखले जातात. 'रेगेल' म्हणजे पाय. या सणांना जेरुसलेमच्या मंदिराकडे जाण्याची प्रथा होती. पायी वारीशी परिचित असलेल्या समाजाला या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने दुसरे मंदिर उद्ध्वस्त केले आणि वारीचे ठिकाणच उरले नाही. जेरुसलेमकडे तोंड करून केलेली प्रार्थना आणि पेसाहच्या भोजनाअखेरीस पुढच्या वर्षी तेथे असण्याची व्यक्त केलेली इच्छा, या रूपांत त्या वारीची स्मृती टिकली.

४/
प्रत्यक्ष प्रवास करणारे थोडे होते. कवी यहूदा हालेवी ११४० मध्ये स्पेन सोडून इजिप्तमार्गे निघाला. त्याच शतकात तुदेला गावच्या बेंजामिनने आपल्या दूरच्या प्रवासाचा वृत्तांत लिहून ठेवला. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनचे मोझेस माँटेफिओरे १८२७ ते १८७५ या काळात सात वेळा पॅलेस्टाइनला जाऊन आले. विसाव्या शतकात तरुणांचे संघटित दौरे सुरू झाले. 'यंग ज्युडिया' या अमेरिकी युवक संघटनेचा वर्षभराचा अभ्यासक्रम १९५६ मध्ये सुरू झाला. पोलंडमधील छळछावण्यांपासून इस्रायलपर्यंत नेणारा 'मार्च ऑफ द लिव्हिंग' हा उपक्रम १९८८ मध्ये सुरू झाला. परंतु असे कार्यक्रम खर्चिक असत आणि त्यांत बहुधा ज्या घरांत परंपरेशी नाते आधीच घट्ट होते त्या घरांतली मुले जात.

५/
१९९० च्या राष्ट्रीय ज्यू लोकसंख्या पाहणीने चित्र पालटले. नुकत्याच विवाहबद्ध झालेल्या अमेरिकी ज्यूंपैकी ५२ टक्क्यांचे जोडीदार ज्यू नाहीत, असे तिच्या अहवालात म्हटले होते. मोजणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले आणि पुढे तो आकडा ४३ टक्क्यांपर्यंत खाली आणला गेला. तोवर पहिल्या आकड्याने आपले काम केले होते. सभागृहे, सिनेगॉग, देणगीदारांच्या बैठका सर्वत्र एकच शब्द घुमू लागला : 'सातत्य'. आपली नातवंडे ज्यू राहतील काय, हा त्यामागचा प्रश्न होता.

६/
या चिंतेचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील नामांकित विद्यापीठे ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवत आणि अनेक क्लबांत ज्यूंना प्रवेश नसे. शतकाच्या अखेरीस ही दारे उघडली होती. ज्यू तरुणाला कोणाच्याही शेजारी राहता येत होते, कोणाशीही विवाह करता येत होता. शतकानुशतकांच्या छळाने जो समाज संपला नाही, तो स्वीकाराने विरघळेल, अशी ही विलक्षण भीती होती. तिला प्रतिवादही होता. मिश्र विवाह करणाऱ्या अनेकांनी मुलांना ज्यू म्हणूनच वाढवले आणि कोणी कोणाशी विवाह करावा हे समाजाने मोजत बसणे अनेकांना रुचले नाही.

७/
उपाय सुचवणारांत एक अनपेक्षित नाव होते. योसी बेलीन हे इस्रायलचे उपपरराष्ट्रमंत्री आणि १९९३ च्या ओस्लो कराराच्या शिल्पकारांपैकी एक. इस्रायल आता दरिद्री राष्ट्र राहिलेले नाही, त्यामुळे परदेशस्थ ज्यूंनी त्याला मदतनिधी पाठवत राहण्याचे कारण नाही, असे त्यांनी १९९४ मध्ये जाहीरपणे सांगितले. त्यांच्यावर टीका झाली. तो पैसा ज्यू तरुणांना इस्रायल दाखवण्यासाठी वापरावा आणि प्रत्येक तरुणाला त्यासाठी प्रवासपत्र मिळावे, अशी त्यांची कल्पना होती. इस्रायलला तगवण्यासाठी डायस्पोराने देणगी द्यायची, हे जुने समीकरण येथे उलटले. आता डायस्पोराला तगवण्यासाठी इस्रायलचा उपयोग होणार होता.

८/
कल्पनेला आर्थिक बळ दिले ते दोन धनिकांनी. चार्ल्स ब्रॉन्फमन हे सीग्रॅम या मद्यउद्योगाच्या कुटुंबातील कॅनेडियन उद्योगपती, तर मायकेल स्टाइनहार्ट हे न्यूयॉर्कचे गुंतवणूकदार. स्टाइनहार्ट स्वतःला उघडपणे नास्तिक म्हणवत. धर्मश्रद्धा नसलेल्या माणसाने ज्यू सातत्यासाठी संपत्ती खर्च करावी, यातच या योजनेचा स्वभाव दिसतो. तिला भाविक घडवायचे नव्हते, आपलेपणाची जाणीव घडवायची होती. पहिल्या पाच वर्षांसाठी २१ कोटी डॉलरांचा आराखडा ठरला. देणगीदार, इस्रायल सरकार आणि जगभरच्या ज्यू संस्था यांनी प्रत्येकी एक तृतीयांश वाटा उचलावा, अशी त्याची मांडणी होती.

९/
नियम विचारपूर्वक आखले होते. वय १८ ते २६. यापूर्वी समवयस्कांच्या गटातून इस्रायलचा शैक्षणिक दौरा केलेला नसावा. कालावधी दहा दिवस, म्हणजे महाविद्यालयाच्या सुट्टीत बसणारा. उत्तर अमेरिकेतील अर्जदारांकडून २५० डॉलरांची अनामत घेतली जाई आणि प्रवास पूर्ण झाल्यावर ती परत मिळे. खर्चाचा अडसर निघाल्याने आणखी एक गोष्ट घडली. पूर्वी मुलाला पाठवायचे की नाही हे पालक ठरवत. आता अर्ज करणारा तरुण स्वतः निर्णय घेऊ लागला, आणि ज्यांच्या घरी शब्बाथच्या मेणबत्त्या कधी पेटल्या नव्हत्या असेही हजारो जण विमानात बसले.

१०/
पण हक्क जन्मसिद्ध म्हटला की जन्माची चौकशी आलीच. रब्बींच्या पारंपरिक नियमानुसार ज्यू आईचे मूल ज्यू. 'तगलीत'ने मात्र आई किंवा वडील यांपैकी एक जण ज्यू असला तरी दार उघडले. १९५० च्या इस्रायली 'परतीच्या कायद्या'त १९७० साली दुरुस्ती झाली. ती याहून उदार होती. ज्यू व्यक्तीच्या नातवंडांनाही तिने नागरिकत्वाचा मार्ग दिला. म्हणजे धर्मपीठ, राज्य आणि प्रवासयोजना यांच्या लेखी 'ज्यू कोण' या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे होती. या फरकाची झळ महाराष्ट्रातून गेलेल्या एका समाजाला फार आधी बसली होती.

११/
कोकणातील बेने इस्रायल समाज आपले मूळ नौगावजवळ फुटलेल्या जहाजाच्या आख्यायिकेत पाहतो. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून हे लोक 'शनिवार तेली' म्हणवले जात. शिकण्यासाठी हा समाज बाहेर गेला नाही. बाहेरचे शिक्षक त्यांच्याकडे आले. दावीद रहाबी या नावाभोवती अशा शिक्षकाची परंपरा गुंफलेली आहे, आणि एकोणिसाव्या शतकात कोचीनच्या ज्यूंनी त्यांना प्रार्थनाविधी शिकवले. मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये समाजाचे पहिले सिनेगॉग उभारले.

१२/
१९४८ नंतर यांतील हजारो लोक इस्रायलला गेले. १९६२ मध्ये तेथील प्रमुख रब्बींच्या कार्यालयाने निर्देश काढला की बेने इस्रायल व्यक्तीचा विवाह लावण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची चौकशी करावी. मराठी बोलणाऱ्या या ज्यूंनी त्याविरुद्ध जेरुसलेममध्ये आंदोलन केले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, म्हणजे क्नेसेटने, ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला आणि रब्बींच्या निर्देशातून त्यांचे नाव वगळले गेले. जन्मसिद्ध म्हणवला जाणारा हक्कही कोणीतरी मान्य करावा लागतो, हा धडा या समाजाने 'तगलीत'च्या पस्तीस वर्षे आधी घेतला.

१३/
प्रवासाचे दहा दिवस साधारण एका साच्यात चालत. जेरुसलेमची पश्चिम भिंत, होलोकॉस्टचे स्मारक याद वाशेम, शेजारच्या हेर्झल टेकडीवरील लष्करी दफनभूमी, उत्तरेकडील साफेद हे गूढवाद्यांचे गाव, नेगेवमधील बेदुईन तंबूत एक रात्र, मृत समुद्र आणि १९४८ मध्ये राज्यस्थापनेची घोषणा झाली ते तेल अवीवमधील सभागृह. या क्रमात एक कथानक दडलेले आहे. प्राचीन मुळे, संहार, पुनर्जन्म, बलिदान आणि आजचे हसतेखेळते राष्ट्र. स्थळांचा क्रम बदलला की अर्थही बदलतो, हे योजनाकारांना ठाऊक होते. याद वाशेम आणि हेर्झल टेकडी बहुधा एकाच दिवशी दाखवल्या जात.

१४/
मसादाचे उदाहरण बोलके आहे. पहाटेच्या अंधारात किल्ल्यावर चढून सूर्योदय पाहणे हा प्रवासातील लोकप्रिय भाग. इसवी सन ७३ च्या सुमारास रोमन वेढ्यात सापडलेल्या ज्यू बंडखोरांनी शरणागतीऐवजी मरण पत्करले, ही कथा तेथे सांगितली जाते. या घटनेचा लिखित आधार एकच, इतिहासकार जोसेफस. १९६३ ते १९६५ दरम्यान यिगाएल यादीन यांच्या उत्खननाने तिला राष्ट्रीय प्रतीकाचे वजन दिले. १९९५ मध्ये समाजशास्त्रज्ञ नाखमन बेन-येहुदा यांनी या प्रतीकाची घडण कशी झाली, जोसेफसमधील कोणते गैरसोयीचे तपशील गाळले गेले, हे सविस्तर दाखवले. सूर्योदयाच्या वेळी यांतले किती सांगायचे, हे मार्गदर्शकावर अवलंबून असे.

१५/
तरीही प्रवासाचा खरा वर्ग स्थळांवर भरत नव्हता. तो बसमध्ये भरत होता. एका गटात साधारण चाळीस तरुण असत. काही दिवसांसाठी त्यांच्यासोबत समवयस्क इस्रायली येत, आणि त्यांतील बहुतेक सक्तीची लष्करी सेवा बजावणारे सैनिक असत. याला हिब्रूत 'मिफगाश', म्हणजे भेट, म्हणतात. वीस वर्षांच्या अमेरिकी विद्यार्थ्याशेजारी वीस वर्षांचा सैनिक बसला की परराष्ट्र धोरणाला एक चेहरा आणि नाव मिळते. वारीत पंढरपुराइतकीच दिंडीही माणसाला घडवते. येथेही सहप्रवाशांच्या गप्पा, गाणी आणि रात्रीच्या चर्चा स्मारकांपेक्षा खोल उतरत. योजनेचे सामर्थ्य येथे होते आणि तिच्यावरील मुख्य आक्षेपही येथूनच निघाला.

१६/
हे सामर्थ्य मोजण्याचा प्रयत्नही झाला. ब्रँडाइस विद्यापीठात लेनर्ड सॅक्स आणि सहकाऱ्यांनी एक उत्तम संधी हेरली. जागांपेक्षा अर्ज अधिक येत, त्यामुळे पात्र असूनही जाऊ न शकलेल्या तरुणांचा तुलनेसाठी आयता गट उपलब्ध होता. वर्षानुवर्षे दोन्ही गटांचा पाठपुरावा केला गेला. प्रवास केलेल्यांना इस्रायलशी जवळीक अधिक वाटत होती आणि त्यांच्यात ज्यू जोडीदार निवडण्याचे प्रमाणही अधिक आढळले. दहा दिवसांचा परिणाम दहा वर्षांनंतरही दिसत होता. समाजशास्त्रज्ञ शॉल केल्नर यांनी २०१० मधील ग्रंथात वेगळा मुद्दा मांडला. असे पर्यटन शरीर, भावना आणि गट यांच्या आधारे राष्ट्राशी नाते जुळवते, पण तरुण जे दाखवले ते सगळे निमूटपणे स्वीकारत नाहीत.

१७/
बसच्या खिडकीतून काय दिसत नाही, हा प्रश्न येथे उभा राहतो. १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी आपल्या गावांतून विस्थापित झाले आणि त्यांना परतू दिले गेले नाही. त्यांतील अनेकांचे वंशज आजही निर्वासित म्हणून नोंदलेले आहेत. ओहायोत जन्मलेल्या आणि या भूमीवर कधी पाऊल न ठेवलेल्या तरुणाला तेथे जाण्याचा जन्मसिद्ध हक्क सांगितला जातो, तर ज्याच्या आजोबांचे घर तेथे होते त्या पॅलेस्टिनी तरुणाला तो नाही. 'बर्थराइट' या शब्दावरील सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. तो बाहेरून आला तसा ज्यू तरुणांमधूनही आला.

१८/
२००५ च्या सुमारास 'बर्थराइट अनप्लग्ड' नावाचा छोटा पर्यायी उपक्रम सहभागींना पश्चिम किनाऱ्यावर नेऊ लागला. जून २०१८ मध्ये पाच तरुणी आपला गट मध्येच सोडून बाहेर पडल्या आणि 'ब्रेकिंग द सायलेन्स' या माजी इस्रायली सैनिकांच्या संस्थेबरोबर हेब्रॉन पाहायला गेल्या. त्यांनी हे समाजमाध्यमांवर थेट दाखवले. २०१९ च्या उन्हाळ्यात 'जे स्ट्रीट'च्या विद्यार्थी शाखेने पॅलेस्टिनी वस्त्यांचा समावेश असलेला स्वतःचा दौरा काढला. आयोजकांची बाजू अशी होती की हा राजकीय दौरा नाही, ओळख करून देणारा प्रवास आहे, आणि दहा दिवसांत सर्व काही दाखवता येत नाही. परंतु काय वगळायचे हे ठरवणे हीसुद्धा एक भूमिका असते, हे सोडून गेलेल्यांचे उत्तर होते.

१९/
इतिहासाने ही योजना वारंवार कसाला लावली. पहिले गट परतून वर्ष होण्याआधीच, सप्टेंबर २००० मध्ये दुसरा इंतिफादा भडकला. गटांबरोबर सशस्त्र रक्षक आले, मोकळ्या फिरण्यावर मर्यादा आल्या, संख्या घसरली, तरी प्रवास पूर्ण थांबले नाहीत. २००७ पासून कॅसिनो उद्योगपती शेल्डन एडेल्सन आणि मिरियम एडेल्सन यांच्या प्रचंड देणग्यांनी योजना फुगली आणि तिच्या राजकीय कलाविषयीची शंकाही वाढली. २०१७ मध्ये वयोमर्यादा ३२ पर्यंत नेली गेली आणि पुढे पुन्हा २६ वर आणली गेली. शेल्डन एडेल्सन २०२१ मध्ये निवर्तले. २०२२ च्या अखेरीस वाढत्या खर्चामुळे प्रवाशांच्या संख्येत एक तृतीयांशापर्यंत कपात जाहीर झाली.

२०/
७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर नेहमीचे दौरे थांबले आणि शेतमाल वेचणे, अन्न बांधून देणे अशा कामांसाठी स्वयंसेवकांचे गट नेले जाऊ लागले. गाझातील युद्ध सुरू असताना अमेरिकी विद्यापीठांत ज्यू विद्यार्थी आंदोलनाच्या दोन्ही बाजूंना उभे होते. जून २०२५ मध्ये इराणशी युद्ध पेटले, विमानतळ बंद झाला आणि सुमारे दीड हजार सहभागींना समुद्रमार्गे सायप्रसला हलवावे लागले. काळजीपूर्वक आखलेल्या दहा दिवसांच्या कथानकात प्रत्यक्ष इतिहास असा थेट शिरला.

२१/
पंचवीस वर्षांच्या या प्रयोगातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. लहानसा प्रवास माणसाला ज्ञानी करत नाही. तो नाते निर्माण करतो, आणि निर्माण झालेले नाते प्रश्नही विचारू लागते. बस सोडून हेब्रॉनला गेलेल्या तरुणी आणि त्याच योजनेतून येऊन इस्रायलमध्ये घर केलेले तरुण, दोघांचीही सुरुवात त्याच विनामूल्य तिकिटाने झाली. योजनेची दोन नावे दोन वेगळ्या गोष्टी मागतात. हक्क सांगायचा तर कथा निश्चित असावी लागते. शोध घ्यायचा तर जे शोधायला निघालो नव्हतो तेही पाहण्याची तयारी लागते. आयोजकांनी दोन्ही शब्द एकाच फलकावर लिहिले. त्यांतला कोणता खरा मानायचा, हे प्रत्येक तुकडीतील तरुण परतल्यावर आपापल्या घरी ठरवत आले आहेत.

(धागा समाप्त)